खाटेशेजारी प्रिंटर

माझ्या वडिलांचा आवाज आमच्या घरापुरता नव्हता, साऱ्या कारंज्याचा होता. बाबा बसस्थानकावर कंट्रोलर होते. खिडकीमागच्या लाकडी खुर्चीत बसून, माइककडे किंचित वाकून ते गाड्या पुकारत. मंगरूळपीरमार्गे वाशिम, मूर्तिजापूरमार्गे अकोला, दारव्हामार्गे यवतमाळ. त्यात वेगळं असं काही नसे, पण त्यांनी पुकारलेली गाडी चुकत नाही असं लोक म्हणत. पोहरादेवीच्या यात्रेत तर त्यांना मुद्दाम नेत, कारण गर्दीत हरवलेल्या लेकराचं नाव असं पुकारायचं की ऐकून त्याच्या आईला धीर यावा, हे सगळ्यांना जमत नाही. आता कुठल्याही स्टँडवर उभी राहिले की आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवलेला एका बाईचा गोड आवाज ऐकू येतो. त्या बाईला कुणाची गाडी चुकली काय न् लागली काय, सोयरसुतक नसतं. तरी मी अजून बाकावर मान तिरपी करून ऐकत बसते, आणि मग स्वतःवरच चिडते.

बाबांचा तो आवाज एका सकाळी गेला. पोळा तोंडावर आला होता. मागच्या ओट्यावर दात घासता घासता बाबा एका बाजूला कलले आणि त्यांच्या हातातला लोटा गडगडत अंगणात गेला. अकोल्याला नेलं, बरेच दिवस ठेवलं, परत आणलं. उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा बसली होती. समजत मात्र सगळं होतं. हे चांगलं लक्षण आहे असं डॉक्टर म्हणाले. मला विचाराल तर सगळ्यात वाईट तेच होतं. मी तेव्हा अमरावतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ते वर्ष तसंच सोडून घरी आले. कुणी ये म्हणालं नव्हतं आणि आल्यावर कुणी जा म्हणालं नाही. मनातून मला राग येई, कुणाचा ते कळत नसे, आणि तो राग गिळून मी धुणं भिजत घाली.

बाबांची खाट समोरच्या खोलीत, खिडकीला लागून टाकली होती. स्टँड तिथून जवळ. सकाळी जैन मंदिरातली घंटा वाजे, मग कापसाच्या जिनिंगचा भोंगा होई, आणि मग दिवसभर बसचे हॉर्न. मंगरूळपीरच्या गाडीची वेळ झाली की बाबांची मान आपोआप खिडकीकडे वळे. गाडी उशिरा सुटली तर त्यांच्या कपाळावर आठी चढे. नोकरी गेली, पण वेळापत्रक अंगातून गेलं नव्हतं.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि आत्या. आत्या बाबांची मोठी बहीण. धनज गावी दिली होती. तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आली, ती कायमचीच. माझ्या जन्माच्या आधीपासून ती आमच्या घरात होती आणि घराच्या रीतभाती तिच्या ताब्यात होत्या. ती वाईट बाई नव्हती, उलट फार मायाळू होती, पण रीत म्हणजे रीत. त्यातली एक अशी की बाईमाणसानं पुरुषांच्या समोर खाटेवर बसायचं नाही. खाली पाट आहे, चटई आहे, जमीन आहे. नवऱ्याच्या खाटेला तर चारचौघांत टेकायचंही नाही. आत्या स्वतः भिंतीशी पाटावर बसे आणि आई चौकटीला पाठ लावून, एक गुडघा उभा ठेवून. त्या बसण्याला मी बसणं म्हणणार नाही. ते फक्त पुढच्या उठण्याआधी जरा खाली होणं होतं. आम्हाला कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, हे आजच्या मुलींना सांगितलं तर त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहतात. पाहू देत. उंबरठ्यावर पाय देऊ नये हे जसं अंगात मुरलेलं असतं, तसंच ते होतं.

त्यामुळे बाबांचं सगळं आई उभ्यानंच करी. अंग पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं. घोट घशात अडकायचा म्हणून त्यांना घट्ट काही चालत नसे. आई ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून ताकात कालवी, वर जिऱ्याची फोडणी, आणि ताटली हातात धरून, कंबरेत वाकून, एकेक चमचा भरवी. एक वाटी कण्या संपायला जितका वेळ लागे तितक्यात आमच्या तिघींच्या भाकरी होऊन जाव्यात. मग ती एक हात कंबरेवर ठेवून सरळ होई, तेव्हा तिच्या तोंडून हलकासा आवाज निघे. मी विचारलं की म्हणे, काही नाही, उभं राहून राहून असं होते. मी भरवते म्हटलं तर बाबा तोंड मिटून घेत. त्यांना तिच्याच हातचं चाले, आणि तिला हे कुठंतरी बरंही वाटत असावं.

आणि एक होतं ते थापटणं. बाबांचा डावा हात चालत होता. त्या हातानं ते खाटेच्या काठावर थापटत. थप, थप, थप. आई स्वयंपाकघरातून पळत येई. "काहून थापटून राह्यले? पानी देऊ?" पाणी नको असे. पंखा लावून झाला, बंद करून झाला, उशी उंच झाली, सखल झाली, भांडं आणलं, चहा आणला. बाबा मान हलवत आणि पुन्हा थापटत. जितकं ते थापटत तितकी ती धावे, आणि जितकी ती धावे तितके ते चिडत. शेवटी डोळ्यांत पाणी आणून तोंड भिंतीकडे फिरवत. मग आई चौकटीत उभी राहून पदरानं तोंड पुसे. तिचं चुकतंय हे तिला कळत होतं, काय चुकतंय ते कळत नव्हतं. आत्या म्हणे, आजारी माणूस चिरडखोर होतो, तू मनाला लावून घेऊ नको. मी मात्र तो थपथप आवाज ऐकला की धुणं घेऊन मागच्या अंगणात जाई.

पाटी देऊन पाहिली. डाव्या हाताला रेघ ओढता येईना. बाराखडीचा तक्ता आणून समोर धरला, की तुम्ही बोट ठेवा, आम्ही अक्षरं जुळवतो. बोट थरथरे, एकावर ठेवायचं ते शेजारच्यावर पडे, आणि आई मागचं अक्षर लक्षात ठेवेपर्यंत पुढचं निघून जाई. आई चौथीपर्यंत शिकलेली. वाचायची ती तोंडानं, सावकाश, एकेका शब्दाला थांबून. दोघंही दमून गेली. तिसऱ्या वेळी बाबांनी तक्ता खाटेखाली ढकलून दिला. अवघ्या स्टँडला शिस्त लावणाऱ्या माणसासमोर आपण कमळ-गवताचा तक्ता धरला होता, तेव्हा त्यांचंही चुकलं नव्हतं.

कम्प्युटर आणला तो वसंतामामानं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. धान्यबाजाराजवळ त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातली प्रत्येक वस्तू, माणसासकट, उघडून पाहिली की दुरुस्त होते अशी त्याची श्रद्धा होती. नागपूरच्या कुणा गिऱ्हाइकानं तो कम्प्युटर परदेशातून पोरासाठी आणला होता. पोराचं मन उडालं, यंत्र मामाकडे दुरुस्तीला आलं आणि परत न्यायला कोणी आलंच नाही. दिसायला नुसताच कळांचा चपटा डबा. तो टीव्हीला जोडायचा. त्याला काय करायचं ते कॅसेटवरून शिकवावं लागे. टेपरेकॉर्डर लावला की किंचाळल्यासारखा आवाज बराच वेळ चाले, आत्या कानांवर हात ठेवून मागच्या अंगणात जाई, आणि तेवढ्यात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. लाइट तर रोजच जायची. माझा नातू हे ऐकून हसतो. त्याच्या हातातल्या फोनवरून तो दुसऱ्या खोलीतल्या प्रिंटरवर कागद काढतो, मध्ये वायरच नाही. मी त्याला म्हणते, हस बाबा, तुझं हसायचं वय आहे.

पाटावर तो डबा ठेवून तो पाट आम्ही बाबांच्या मांडीवर दिला. टीव्हीवर इंग्रजी अक्षरंच उमटत, पण गाड्यांच्या तक्त्यांमुळे बाबांना ती चांगली येत. डाव्या हाताची तर्जनी त्यांनी एका कळेवर टेकवली आणि तिथंच दाबून धरली, तर ते अक्षर ओळभर उमटत गेलं. मग त्यांना दाब समजला. पहिलं वाक्य त्यांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, 'पंखा बंद'. मी पंखा बंद केला आणि मला रडू कोसळलं. किती दिवस तो पंखा त्यांच्या डोक्यावर नको असताना फिरत होता, देव जाणे.

त्यानंतर मी त्यांची दुभाषी झाले. ते लिहीत, मी मोठ्यानं वाची, आई करी. वरणात मीठ कमी. उजवा पाय सरळ कर. आज गाडी उशिरा का सुटली. घरात थोडी हवा खेळायला लागली. पण थापटणं काही थांबलं नाही. मी विचारी, बाबा, लिहा ना काय पाहिजे ते. ते बोट कळांवर नेत आणि थांबत. एकदा आई भांडं घेऊन चौकटीत उभी असताना पडद्यावर 'तिले' एवढं उमटलं. म्हणजे आईला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पाटावर बसलेल्या आत्याकडे पाहिलं, आणि एकेक अक्षर पुसून टाकलं. मग मला कळलं. त्यांना आईला काही सांगायचं होतं, आणि ते माझ्या तोंडून नको होतं. नवरा-बायकोत जे बोलायचं ते मुलीनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. आईला मी इंग्रजी अक्षरं शिकवायला बसले. दोन दिवसांत तिनं हात टेकले. खरं तर ती बसल्या बसल्या पेंगत होती. शिकायला माणूस जागा तर हवा.

म्हणून प्रिंटर. टीव्हीवरचं साऱ्यांना दिसतं, कागद मात्र तिच्या एकटीच्या हातात देता येईल आणि ती सवडीनं अक्षरं लावील, असं मला वाटलं. ही कल्पना माझी, पण वस्तू मामाची. जिनिंगच्या ऑफिसात नवीन मशीन आलं होतं आणि जुना प्रिंटर सरकीच्या गोदामात पडला होता. मामानं तो सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. झाकण उघडलं तर आत बोटभर रुई. चिमट्यानं ती रुई काढण्यात आमची एक पूर्ण दुपार गेली. आई तुरीच्या शेंगा सोलत चौकटीत बसली होती. ती म्हणाली की हिची वात वळता येईल, आणि खरंच ती रुई तिनं देवाजवळ नेऊन ठेवली. प्रिंटरचं एक बटण दाबून धरून त्याला चालू केलं की तो आपणहून सगळी अक्षरं छापून दाखवी. त्याचा तो करकरता आवाज ऐकून बाबांचे डोळे चमकले. यंत्र जिवंत होतं. फक्त ते कम्प्युटरचं ऐकत नव्हतं.

या दोघांना जोडणं म्हणजे दोन दूरच्या गावांची सोयरीक जमवणं होतं. कोणाचीच ना नव्हती, पण तोंडाला तोंड जुळत नव्हतं. कम्प्युटरच्या मागे सोनेरी पट्ट्यांची एक उघडी किनार, प्रिंटरच्या मागे रुंद खोबण, आणि दोघांना जोडणारी तयार केबल मिळणं शक्य नव्हतं. मामानं अकोल्याहून दोन्हीकडचे प्लग आणले. मी दोन्ही पुस्तिका समोर ठेवून कागदावर आखलं की कुठल्या पट्टीची तार कुठं जायला हवी. आठ तारा अक्षर नेणाऱ्या. एक तार 'घे' म्हणणारी. एक तार उलटी, प्रिंटरकडून येणारी, 'थांब, माझे हात गुंतलेत' असं सांगणारी. ही शेवटची तार मला फार आवडली होती. अशी एक तार आमच्या आईला असती तर, असं तेव्हाही मनात आलं.

खाटेशेजारीच चटईवर बसून मामानं तारांना कथलाचे डाग दिले. राळेचा धूर, कण्यांच्या फोडणीचा वास आणि बाबांच्या अंगाला लावायच्या तेलाचा वास त्या खोलीत एकत्र भरून राहिला होता. अजून कुठं डाग देताना तो धूर नाकात गेला की मला ताक-कण्या आठवतात. सगळं जोडून चालू केलं. प्रिंटर ढिम्म. पुन्हा केलं, तर त्यानं कोरा कागद भराभर बाहेर टाकायला सुरुवात केली. जमिनीवर कागदाचा ढीग, मामा वायर ओढतोय, आई बिचारी कागद घडी घालून ठेवतेय. मी माझा नकाशा तपासला, बरोबर होता. मामानं डाग तपासले, पक्के होते. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग पुन्हा. मामाला दुकान होतं, मला धुणं होतं, लाइटला जायचं होतं. या गोष्टी पुस्तकात वाचताना गमतीच्या वाटतात. तेव्हा मला फक्त एवढंच वाटे की आता कोणीतरी म्हणावं, नले, राहू दे.

तोडगा बाबांनी दाखवला. कितीतरी वेळ ते आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा हात वर धरला, तळवा आमच्याकडे करून. बोटं हलवली. मग हात फिरवला, पाठ आमच्याकडे करून, आणि पुन्हा बोटं हलवली. तळवा, पाठ. तळवा, पाठ. मामाच्या आधी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवखे ड्रायव्हर फलाट रस्त्याच्या बाजूनं मोजत आणि बाबा खिडकीच्या बाजूनं, म्हणून पहिल्याच्या जागी शेवटच्या फलाटावर गाडी लागे, यावरून घरी त्यांचा रोजचा त्रागा असायचा. मी प्लगचे काटे तोंडाच्या बाजूनं मोजले होते. मामानं डाग द्यायच्या, म्हणजे पाठीच्या बाजूनं. सगळी केबल उलटीच बांधली गेली होती. नशिबानं काही जळलं नव्हतं.

"भाऊजी," मामा डोकं खाजवत म्हणाला, "तुमी स्टँड सोडलं, पन स्टँडनं तुमाले नाही सोडलं." बाबा हसले. अर्ध्याच ओठानं, पण हसले. आजारी पडल्यापासूनचं ते पहिलं हसू होतं.

सगळे डाग उकलून पुन्हा दिले. मग बाबांनी स्वतः वाशिमच्या गाडीचे सगळे थांबे टाइप केले, एका ओळीत एक. प्रिंटर करकरला आणि कागदावर एक काळाकुट्ट पट्टा उमटला, कारण कागद पुढं सरकलाच नाही. सगळी गावं एकमेकांच्या डोक्यावर. मामा म्हणाला, एकाच फलाटावर साऱ्या गाड्या लावल्या याने. प्रिंटरच्या आत पोटाशी काही बारीक खटके होते, त्यातला एक खाली करायचा राहिला होता. तो केल्यावर थांबे ओळीनं उतरले. बाबांनी तो कागद आईला द्यायला खुणावलं. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला, वरपासून खालपर्यंत बघितला, आणि म्हणाली, "मले वाचता नाही येत, पन ठेवतो." तिनं त्याची घडी घातली आणि देव्हाऱ्याखाली ठेवली. बाबा बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग बोट कळांवर नेऊन त्यांनी मला लिहिलं, 'मराठी'. पुढं काही नाही. प्रश्न नव्हता तो, मागणी होती.

अक्षरं छापायचं सोडून या प्रिंटरला नुसते ठिपके छापायला सांगता येतं, असं पुस्तिकेत एका कोपऱ्यात लिहिलं होतं. म्हणजे मराठीचं प्रत्येक अक्षर मला चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी काढावं लागणार, त्याचे आकडे करावे लागणार, आणि ते कम्प्युटरला द्यावे लागणार. अक्षराचा वरचा अर्धा भाग आधी, खालचा अर्धा नंतर, आणि दोन्ही नीट जुळायला हवेत. तो हिवाळा माझा यातच गेला. सकाळची कामं आटोपली की मी चटईवर पालथी पडून चौकटी भरी. आत्याला वाटे मी रांगोळ्या काढतेय. जोडाक्षरं मी सोडूनच दिली, इतका जीव कुणात होता? आईला एकेक अक्षर दाखवून वाचता येतं का विचारी. 'ठ' पाहून ती म्हणाली, "हा म्हशीच्या डोळ्यावानी दिसते." मी तो पुन्हा काढला. ती शेंगा सोलता सोलता बघे, मध्येच थापटणं ऐकू येई, आणि शेंगा तशाच पदरात घेऊन ती उठे. थप, थप. पाणी देऊ? उशी काढू? परत येऊन बसे, पुन्हा उठे. बाबांना मी म्हणे, थोडं थांबा, होतच आलंय. ते डोळे मिटून घेत.

पुढं त्या यंत्रावर बाबांनी पुष्कळ काही छापलं. त्यांना अजून दोन उन्हाळे मिळाले. कूलरला दिलेल्या शिव्या छापल्या, मामाला टोमणे छापले, माझं राहिलेलं वर्ष पूर्ण करायला मला अमरावतीला पाठवा असं आत्यासाठी मोठ्या अक्षरांत छापलं. शाईची पट्टी फिकी होत गेली आणि ते कागदही आता कोरे दिसतात. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी दुपार कलली होती. लाइट होती. मी कळांवर मराठी अक्षरांचे कागदी तुकडे डिंकानं चिकटवले होते आणि बाबांनी सकाळपासून त्यांच्यावरून बोट फिरवून जागा पाठ केल्या होत्या. आत्या पाटावर वाती वळत होती. आई बाबांना कण्या भरवून नुकतीच सरळ झाली होती, एक हात कंबरेवर, एका हातात ताटली. बाबांनी खाटेवर थापटलं. आई म्हणाली, थांबा, पाणी आणते. बाबांनी मान हलवली आणि कम्प्युटरच्या पाटाकडे बोट केलं. मी कम्प्युटर त्यांच्या मांडीवर दिला.

फार वेळ लागला. मराठी अक्षरं टीव्हीवर दिसत नव्हती, त्यामुळे ते काय लिहीत आहेत ते कुणालाच दिसत नव्हतं. त्यांचं बोट जाई, थांबे, दाबे. आई ताटली घेऊन उभीच होती. मग त्यांनी छापायची कळ दाबली. प्रिंटरनं एकदा वरचे अर्धे भाग छापले, कागद सरकला, खालचे अर्धे छापले. मी कागद फाडला. बाबांनी हात पुढं करून मला थांबवलं आणि आईकडे बोट केलं. मी न वाचता तो तिला दिला.

आईनं ताटली खाली ठेवली. कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि नेहमीसारखा, तोंडानं, शब्दाशब्दाला थांबून वाचला.

"अठी... बस. कवाची... उभी... हायेस."

बाबांनी डावा तळवा खाटेच्या काठावर, त्यांच्या कमरेशेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवला आणि थापटलं. थप, थप, थप. इतके महिने त्यांना काहीच नको होतं. ना पाणी, ना उशी, ना पंखा. तिनं तिथं बसावं एवढंच होतं. आणि ते आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही, कारण ती जागा बसायची आहे हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी खाली चटईकडे बघत राहिले.

आईनं आत्याकडे पाहिलं. आत्या वातीकडे बघत होती. तिनं ती वात पुरी वळली, बाकीच्यांत ठेवली, भिंतीला हात देऊन उठली. "मी मांगच्या आंगनात जातो," ती म्हणाली, "तुरी पसरल्या हायेत, कोंबड्या येतीन." कोंबड्या आमच्याकडे कधी येत नसत. दाराशी जाऊन ती जरा थांबली आणि मागे न वळता आईला म्हणाली, "बस ना मंग. तो म्हनून राह्यला तर."

"एवढंच व्हय?" आई बाबांना म्हणाली.

ती बसली. आधी काठावर, पाय जमिनीला टेकवून, उठायच्या बेतात. खाट करकरली. बाबांचा हात तिच्या शेजारी होता, तो आता हलत नव्हता. मग ती थोडी मागे सरली, मग अजून थोडी, आणि तिची पाठ भिंतीला टेकली. कागद तिच्या मांडीवर होता. मला वाटलं ती तो पुन्हा वाचतेय. जरा वेळानं पाहिलं तर तिचं डोकं एका बाजूला कललं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. आईला दिवसाढवळ्या झोपलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

बाहेर सायकल लागली. मामा आला होता, दारातूनच विचारत, की छापलं का मराठी. बाबांनी तो डावा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं. मामा पायरीवरच थांबला. मग बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच बोटानं घरघरत्या प्रिंटरकडे खूण केली. मी पाय न वाजवता उठले आणि प्रिंटर बंद केला.